मुकादम बोलू लागले तेव्हा

मुकादमांच्या हाताखाली उभ्या जन्मात एकही माणूस नव्हता. तोंडाने जवळजवळ मुका माणूस, म्हणून गल्लीने केव्हातरी गमतीने त्यांना मुकादम करून टाकलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. ओघाने बायको मुकादमीण झाली. तिचं बोलणं दोघांना पुरून वर गल्लीलाही उरेल इतकं. तिला ते नाव मुळीच शोभत नव्हतं, पण नवऱ्याचं बरंवाईट बायकोच्या पदरी येतंच, तसं हेही आलं.

मुकादम कवळ्या बनवायचे. घराची पुढची खोली हाच कारखाना. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवत, मुकादम त्यांवरून प्लास्टरचे जबडे ओतत, मेणात एकेक दात बसवत, आणि मग मेणाच्या जागी गुलाबी हिरड्या येत. शेवटचं काम मुकादमिणीचं. फिरत्या कापडी चाकावर कवळी घासून चकचकीत करायची आणि बोट फिरवून कुठे काही टोचतं का ते पाहायचं. नवा पाहुणा आला की फळीवरचे जबडे पाहून त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. मुकादमीण म्हणायची, "घाबरू नका हो. आमच्या घरात हसणारे पुष्कळ आहेत, बोलणारी मी एकटी." मुकादम मान वर न करता म्हणायचे, "हं."

या 'हं'चं तिने व्याकरण बसवलं होतं. आखूड 'हं' म्हणजे हो. लांब ओढलेला म्हणजे बघू. नाकातून आला तर नाही. माणूस वाईट नव्हता. ती तापाने फणफणली तर उशाशी बसून राहील, कपाळावरची घडी बदलत राहील, पण 'कसं वाटतंय' एवढे दोन शब्द विचारणार नाही. लग्नानंतरची काही वर्षं ती यावर रडली, मग काही वर्षं भांडली, आणि मग भिंतीशी भांडून आपलंच डोकं फुटतं हे कळल्यावर तिने तोही नाद सोडला. एक मुलगी होती, ती लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. तिचा फोन आला की मुकादम रिसीव्हर बायकोच्या हातात देत.

साठीला टेकल्यावर जेवताना मुकादमांचा जबडा भरून यायला लागला. चार घास चावले की थांबायचे, गाल चोळायचे. दातांच्या धंद्यातला माणूस, त्यांना वाटलं आपलीच दाढ उंच लागतेय. 'उंच' हा त्यांच्या धंद्यातला शब्द. एखादा दात बाकीच्यांपेक्षा केसभर वर आला की तोंड नीट मिटत नाही, जबडा ठणकतो. आरशासमोर बसून त्यांनी आपली धडधाकट दाढ स्वतःच यंत्राने घासून घेतली. दुखणं थांबलं नाही. मग कानशिलं दुखायला लागली. केसांतून कंगवा फिरवला तरी कळ यायची. आणि एका सकाळी बाकावर काम करताना त्यांनी मेणाचा चाकू खाली ठेवला, एक डोळा हाताने झाकला, उघडला, पुन्हा झाकला आणि म्हणाले, "या डोळ्यावर पडदा ओढल्यासारखं झालं."

एवढं लांब वाक्य ऐकूनच मुकादमीण घाबरली आणि तशीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला नीटस होत्या. कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज आहे, म्हणाल्या. जबडा त्यामुळेच दुखतो, दाढेचा यात काही दोष नाही. आणि हीच सूज डोळ्याच्या वाटेवर गेली तर नजर जाते, गेलेली परत येत नाही. म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या आजच्या आज आणि भरपूर. ते नाव ऐकून मुकादमिणीचा चेहरा उतरला, तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली. हे काही परकं विष नाही, म्हणाल्या. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या याचाच सख्खा भाऊ रोज तयार करतात. पहाटे जास्त, रात्री कमी. सकाळी माणूस उठून कामाला लागतो त्यात त्याचा मोठा हात असतो. आपण मात्र तो वरून कितीतरी पटीने देणार. रक्तातून तो सगळीकडे जातो, तसा मेंदूतही जातो. झोप, आठवण, मनाचा चढउतार जिथून चालतो, तिथे त्याला आत घ्यायला दारं उघडीच असतात. पुष्कळांना काही होत नाही. काहींचं मन उडतं, काहींचं खचतं.

"झोप कमी झाली, बोलणं वाढलं, स्वभाव बदलला, तर लगेच मला सांगायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण सांगायचं. त्यांना स्वतःला कळणार नाही. तुम्हाला कळेल."

आणि तिला कळलंच.

डोकं आणि जबडा तर एकदोन दिवसांतच दुखायचे थांबले. पुढच्या आठवड्यात मुकादम सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "चहा छान झालाय." मुकादमिणीने मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून. त्यानंतर बांध फुटावा तसं झालं. मुकादम बोलायला लागले. शाळेतल्या मास्तरांच्या नकला, आपल्या वडिलांचा विसरभोळेपणा, पहिल्यांदा कवळी केली तेव्हा वरचा जबडा खाली बसवला तो घोटाळा. ती पोट धरून हसली. मुलीचा फोन आला तर ते तो सोडेचनात. मुलगी नंतर आईला म्हणाली की आई, बाबांना काय झालंय, असेच राहू देत बाई. आई म्हणाली, "दृष्ट लावू नकोस."

एकदा जेवताना मुकादम म्हणाले, "तू चाकावर घासताना गुणगुणतेस. चाक थांबलं की तूही गप्प होतेस. म्हणून माझं काम संपलं तरी मी तुला घासायला आणखी एखादी देतो."

तिचा घास हातातच राहिला. ती गुणगुणते हे तिचं तिलाही धड माहीत नव्हतं. इतकी वर्षं या माणसाने ते ऐकलं होतं आणि ऐकायची सोय करून ठेवली होती. त्या दिवशी मोरीत भांडी घासताना ती नळ सोडून मनसोक्त रडली. हे रडणं लग्नानंतरच्या रडण्यासारखं नव्हतं.

मुकादम पहाटेच उठतात, हे तिला दिसत होतं. आधी पहाटे, मग पहाटेच्याही आधी. 'मला झोप लागतच नाही, आणि लागायला तरी कशाला हवी,' असं ते खुशीत म्हणाले. हात थरथरत होते. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी झोपेचं विचारलं, मुकादम म्हणाले उत्तम. मग डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मुकादमिणीच्या जिभेवर शब्द आले होते. खरं सांगितलं तर या बाई गोळी कमी करतील, आणि गोळी कमी झाली तर डोळा गेला तर? असं तिने मनाशी म्हटलं आणि तोंडाने म्हणाली, "छान आहेत हो. कधी नव्हे इतके छान."

पण बसमधून घरी येताना मुकादम खिडकीबाहेरच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, आणि तिला आतून चिमटा बसला. डोळ्याची काळजी खरी होती, पण ती काळजी ती पदरासारखी पुढे धरत होती. नाव डोळ्यांचं, सोय कानांची.

यानंतर मुकादमांच्या डोक्यात हसू शिरलं. म्हाताऱ्या माणसांना म्हातारे दात का द्यायचे, हा त्यांचा सवाल. पिवळसर, थोडे झिजलेले, त्यांच्या वयाचे दात बसवण्यात ते एरवी पटाईत, लोकांना कवळी आहे हे ओळखू येत नसे. आता त्यांनी पांढरेशुभ्र, मोठे दात मागवले. साचा एक सांगायचा आणि मुकादम दुसरंच करायचे. कवळ्या चाकावर आल्या की मुकादमिणीच्या बोटाला आधी कळायचं. वरचा जबडा खालच्यावर ठेवला की मागच्या दाढा आधी टेकायच्या, पुढे फट राहायची. आतली कड जाड, कुठे धारदार. ती मान वर करायची, तर मुकादम बाकावर ताल धरून बोलत असायचे, तिच्याशी, तिलाच उद्देशून, डोळ्यांत लहान मुलासारखी चमक. ती मान खाली घालून चाक सुरू करायची. घासून घासून तिने त्या वाईट कवळ्या आरशासारख्या चकचकीत केल्या.

दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. हे काय पाठवलंय, पेशंट घाबरला, म्हणाले. पाकिटांची अदलाबदल झाली असं तिने ठोकून दिलं. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा म्हणाली, यांना जरा बरं नाही. मुकादमांना ते समजलं, तर ते भडकले. डॉक्टर आपली कल्पना चोरायला टपलाय, फोन उचलायचा नाही, म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला तिने पहिल्यांदा ऐकला. बसथांब्यावर ते अनोळखी माणसांना 'आ करा' म्हणायला लागले. एका गृहस्थाने खरंच आ केला, आणि ती गोष्ट मुकादमिणीने शेजारणीला हसत हसत सांगितली. शेजारीण हसली नाही.

टेलिफोनबाई त्यांच्याच गल्लीच्या टोकाला राहायच्या. जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत लोकांची बोलणी जोडून दिली, आणि आता स्वतःचं बोलणं गल्लीभर जोडत फिरायच्या. त्यांची जुनी कवळी पडून तुटली, म्हणून त्या डॉक्टरकडे न जाता थेट मुकादमांकडे आल्या होत्या. मुकादमांनी तुटकी जोडून देण्याऐवजी नवीच केली आणि स्वतः नेऊन दिली. त्यानंतर टेलिफोनबाई रस्त्यावर दिसेनाशा झाल्या. मुकादमिणीच्या ते लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही ती तिकडे जायचं टाळत होती.

शेवटी गेली. टेलिफोनबाई खाटेवर बसून दुधात बिस्किट कालवत होत्या. गाल आत गेलेले, गळ्याची शीर वर आलेली. नवी कवळी वाटीत पाण्यात पडली होती, आणि पाण्यातही ती हसत होती.

"तुझ्या नवऱ्याने मला नटी केलं गं," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "पण नट्यांना जेवण वर्ज्य असतं हे नाही सांगितलं."

त्यांनी ओठ खाली ओढून दाखवला. हिरडीला आतून लांबट जखम होती, कडेला पांढरी पडलेली. आठवडे झाले, त्या चावत नव्हत्या. मुकादमिणीने विचारलं, की मग मला सांगितलंत का नाही? टेलिफोनबाई म्हणाल्या, "अगं, तो माणूस इतक्या आनंदाने देऊन गेला. इतकं बोलला. म्हटलं, जाऊ दे, होईल सवय."

मुकादमिणीने वाटीतली कवळी उचलली आणि आतल्या कडेवरून बोट फिरवलं. जखम जिथे होती तिथेच बोट अडलं. ही कड तिने घासली होती. बोटाला लागली होती, तेव्हा मुकादम मास्तरांची नक्कल करत होते. बाईंनी एका माणसाच्या आनंदासाठी तोंड मिटलं, त्याचा मार त्यांच्या स्वतःच्या हिरडीला बसला. तिने तोंड मिटलं, त्याचा मारही बाईंच्याच हिरडीला.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमांना दवाखान्यात घेऊन गेली. नवीन दातांची कल्पना डॉक्टरीणबाईंना सांगायची म्हणून ते तयार झाले. ते बोलत होते, आणि डॉक्टरीणबाई त्यांच्या थरथरत्या हातांकडे पाहत होत्या. मुकादमीण मध्येच म्हणाली, "मी मागच्या वेळी खोटं बोलले."

मग थांबली नाही. झोप, आवाज, फोन, बसथांबा, टेलिफोनबाईंची हिरडी, सगळं सांगितलं. मुकादम आधी हसले, मग म्हणाले हिला काय कळतं, मग उठून उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे त्यांना बसवलं. तिला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. एकदम बंद करता येणार नाही, म्हणाल्या. डोळ्याला धोका आहे, शिवाय एवढे दिवस बाहेरून मिळालं म्हणून त्यांच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी गेल्यात, त्यांना जागं व्हायला वेळ द्यायला हवा. गोळी पायरी पायरीने उतरवायची, सूज सांभाळायला दुसरं औषध जोडायचं, आणि मनाच्या डॉक्टरांना विचारून झोपेचं, उडालेलं मन खाली आणणारं औषध आजपासून. मुकादमीण दारापर्यंत गेली आणि परत आली.

"ते जे बोलले माझ्याशी," तिने हळूच विचारलं, "ते त्यांचं होतं, की गोळीचं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "गोळी आठवणी तयार करत नाही," त्या म्हणाल्या. "पण काय त्यांचं आणि काय गोळीचं, हे मला वेगळं काढून देता येणार नाही."

बाहेर आल्यावर मुकादम रस्त्यात थांबले. लोक वळून पाहत होते.

"तुला मी मुकाच बरा वाटत होतो ना?" ते म्हणाले.

तिने त्यांचा दंड धरला आणि बस आली तेव्हा त्यांना आधी चढवलं.

पुढच्या आठवड्यांत बोलणं ओसरत गेलं. आधी नकला गेल्या, मग वडिलांच्या गोष्टी, मग 'चहा छान झालाय'. रोज काहीतरी एक जात होतं, आणि ते आपणच बोलून घालवलंय हे तिला रोज दिसत होतं. मुकादम पूर्वीच्या जागी आले आणि तिथे न थांबता आणखी खाली गेले. 'हं'सुद्धा बंद झाला. बाकावर बसायचे ते हात मांडीवर ठेवून. एकदा म्हणाले, "माझ्यात आता काही राहिलं नाही." या वेळी तिने वाट पाहिली नाही. दुपारची भांडी तशीच टाकून दवाखान्यात फोन लावला. उतरतानाही असं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्याच घेऊन या. औषधं बदलली. मुलगी येऊन राहिली. बाबांना तू बोलू दिलं असतंस तर, असं ती म्हणाली नाही, पण आईला ते ऐकू येतच राहिलं.

ते बरे होत आले ते असे, की एका सकाळी त्यांनी स्वतःहून खिडकी उघडली. मग डॉक्टरांकडून परत येऊन फळीवर पडलेल्या कवळ्या एकेक करून बाकावर मांडल्या आणि भिंग लावून पाहत बसले. मुकादमीण दारात उभी होती. टेलिफोनबाईंची कवळी तिनेच परत आणून ठेवली होती. मुकादमांनी ती हातात घेतली, दोन्ही जबडे जुळवले, आतल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मी केली?"

"हो."

"घासली तू?"

"हो."

"बोटाला लागलं नाही?"

"लागलं," ती म्हणाली. "उंच होती, तेही कळलं."

मुकादमांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात 'मग?' होतं, ते तिला वाचता आलं.

"तुम्ही माझ्याशी बोलत होतात," ती म्हणाली.

मुकादमांनी कवळी फडक्यात गुंडाळली, मेणाची पेटी काखेत मारली, चपला पायांत सरकवल्या, आणि ती येते की नाही हे पाहायला दारात थांबले.

टेलिफोनबाईंनी दार उघडलं. नटीचा कारखानदार आला, असं काहीतरी त्या म्हणणार होत्या, पण मुकादमांचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. मुकादमांनी फडकं सोडून कवळी टेबलावर ठेवली. फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. गोळीशिवाय बोलणं त्यांना किती जड जातं हे मुकादमिणीने इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"चूक झाली," ते म्हणाले. मग श्वास घेऊन म्हणाले, "आमची."

माझी म्हणाले असते तर तिला सोसलं नसतं, हिची म्हणाले असते तर तिला पटलं असतं. आमची म्हणाले. तो शब्द तिला मायेचा वाटला, आणि त्याच क्षणी चाप बसावा तसाही वाटला. अर्धा भार त्यांनी उचलला होता खरा, पण तिच्या वाट्याचा तेवढाच राहिला.

"बसा," टेलिफोनबाई म्हणाल्या. "आणि या वेळी मला माझ्या वयाचे द्या. फार हसायचं नाहीये मला, नुसतं चावायचंय."

मुकादमांनी मेण गरम करायला घेतलं. टेलिफोनबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मोठा आ केला. मुकादमीण विजेरी धरून पुढे वाकली. जखम भरत आली होती, पण जिथे होती तिथे हिरडी अजून वेगळ्या रंगाची दिसत होती. तिने तिथून उजेड हलवला नाही.